कीटकभक्षी झाडांना माती कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीनस फ्लायट्रॅप, दवबिंदू (ड्रोसेरा), घटपर्णी (नेपेंथिस), सॅरासेनिया, पिंग्विक्युला यांपैकी एखादं झाड घरात, गॅलरीत किंवा गच्चीवर लावलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. नर्सरीतून किंवा ऑनलाइन मागवलेलं झाड दोन महिन्यांत गेलं की लोक ऊन बदलतात, जागा बदलतात, माश्या पकडून भरवतात. कुंडीत नेमकं काय भरलंय ते मात्र क्वचितच कोणी पाहतं.

लाल माती आणि शेणखत का चालत नाही? बाकीची सगळी झाडं त्यातच वाढतात की.

बाकीची झाडं अन्न मुळांतून घेतात, म्हणून त्यांना ते चालतं. कीटकभक्षी झाडं ज्या जमिनीत घडली तिथे नत्र, स्फुरद आणि पालाश जवळजवळ नसतंच. व्हीनस फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना राज्यांच्या किनारपट्टीचा. विल्मिंग्टन शहराच्या आसपास पाइनची विरळ रानं आहेत, तिथल्या ओलसर, आम्लधर्मी वाळूत आणि पीटमध्ये तो उगवतो. पावसाने आणि झिरपणाऱ्या पाण्याने तिथले क्षार कधीच धुऊन नेलेले असतात.

आपल्याकडे कासच्या पठारावर आणि कोकण-गोव्यातल्या सड्यांवर हाच प्रकार जांभ्यावर दिसतो. खडकावर बोटभर माती, त्यावरून पावसाळाभर वाहणारं पाणी, आणि त्या चिखलात दवबिंदू नि सीतेची आसवं (हीही कीटकभक्षीच). तिथे पोटापुरतं खायला नाही म्हणून मोठी झाडं येत नाहीत, आणि ती येत नाहीत म्हणून या चिमुकल्यांना भरपूर ऊन मिळतं.

अशा झाडाला शेणखतात लावलं की मुळांभोवतीच्या पाण्यात क्षार वाढतात. मुळाला पाणी शोषणं अवघड होतं आणि कोवळी टोकं करपतात. अडचण अशी की झाड लगेच मरत नाही. साठवलेल्या अन्नावर महिना-दीड महिना तग धरतं, एखादं नवं पानही काढतं, आणि मग एकेक पान काळं पडत जातं. तोपर्यंत मातीवरचा संशय मावळलेला असतो.

काळी माती तर आणखी वाईट. ती बेसाल्टपासून झालेली, बरेचदा चुनखडी असलेली, आणि तिचा पीएच साधारण ७.५ ते ८.५. या झाडांना हवा ४ ते ५.५ च्या आसपासचा. गांडूळखत, निंबोळी पेंड, कंपोस्ट, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, तांदूळ धुतलेलं पाणी यांतलं काहीही या कुंडीत जाता कामा नये. "अगदी चिमूटभर" घालून पाहू नका.

मग झाड खातं काय?

किडे. प्रकाशापासून साखर ते स्वतः बनवतंच. किड्यांतून नत्र आणि स्फुरद मिळवतं. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८ मध्ये दवबिंदूच्या काही रोपांना भाजलेल्या मांसाचे बारीक तुकडे भरवले आणि काहींना उपाशी ठेवलं. खायला मिळालेल्या रोपांना लक्षणीय जास्त बिया धरल्या. म्हणजे खत लागतं, पण ते पानातून जायला हवं. मुळांकडे उरतं पाणी घेण्याचं आणि झाड धरून ठेवण्याचं काम. म्हणून कुंडीतल्या मिश्रणाने दोनच गोष्टी द्याव्यात, ओल आणि हवा. बाकी काहीही देऊ नये.

नर्सरीवाले म्हणतात "पीटमध्ये लावा". हे पीट कोणतं?

इथे सगळ्यात जास्त झाडं मरतात. आपल्या नर्सऱ्यांत "पीट" म्हटलं की बहुतेक वेळा हातात कोकोपीट पडतं, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. परदेशी व्हिडिओत "पीट" म्हणतात ते वेगळं: दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेलं स्फॅग्नम शेवाळ. कॅनडा आणि बाल्टिक देशांतून ते येतं, रंगाने तपकिरी, चुरगळलेल्या तंबाखूसारखं दिसतं, आणि त्याचा पीएच ३.५ ते ४.५ असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे स्फॅग्नम मॉस. तेच शेवाळ, पण कुजलेलं नाही, नुसतं वाळवलेलं. लांब, फिकट पिवळसर धागे असतात. न्यूझीलंड आणि चिलीहून येणाऱ्या मॉसचे धागे लांब आणि स्वच्छ असतात. ऑर्किडवाले तेच वापरतात. आपल्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी ते धरून ठेवतं आणि तरी दाबून भरलं नाही तर आत हवा खेळती राहते.

दुकानात जाताना "पीट द्या" म्हणू नका. "खत न घातलेलं स्फॅग्नम पीट मॉस" असं पूर्ण नाव सांगा आणि पिशवी हातात घेऊन वाचा.

पिशवीवर काय वाचायचं?

आधी पीएच. ५.५ ते ६.५ लिहिलेला असेल तर त्या पीटमध्ये चुना मिसळला आहे. पॉलीहाऊसवाले भाजीपाल्याची रोपं करायला असंच पीट घेतात, त्यांच्यासाठी ते बरोबर आहे, आपल्यासाठी नाही. मग एनपीकेचा, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाशचा आकडा. कोणताही आकडा दिसला, किंवा "स्टार्टर डोस", "समृद्ध", "पोषक" असे शब्द दिसले, की पिशवी परत ठेवा. पीटमध्ये मोहरीच्या आकाराचे पिवळे, हिरवे किंवा तपकिरी गुळगुळीत मणी दिसले तर ते हळूहळू विरघळणारं खत असतं. ते निवडून काढत बसण्यात अर्थ नाही.

सुट्ट्या पिशवीवर काहीच लिहिलेलं नसेल तर भिजवून मोजा. त्याची रीत खाली आहे.

कोकोपीट चालतं की नाही? निम्मे लोक हो म्हणतात, निम्मे नाही.

दोन्ही बाजूंचे अनुभव खरे आहेत, कारण प्रत्येकाच्या हातातलं कोकोपीट वेगळं असतं.

नारळाच्या सोडणात पालाश मुळातच भरपूर असतं. शिवाय काथ्यासाठी सोडणं पाण्यात कुजवतात आणि केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ते पाणी बरेचदा मचूळ, म्हणजे खाडीचं असतं. त्यातून सोडियम आणि क्लोराइड भुशात जातं. बाजारात "धुतलेलं" किंवा "लो ईसी" (कमी क्षारांचं) म्हणून मिळणाऱ्या कोकोपीटमधले मोकळे क्षार बऱ्यापैकी गेलेले असतात, पण गोष्ट तिथे संपत नाही. कोकोपीटच्या कणांवर सोडियम आणि पालाशचे आयन चिकटून बसतात. साध्या पाण्याने ते पुरते सुटत नाहीत. पुढे पाण्यातून दुसरे क्षार आले की ते जागा बदलून बाहेर पडतात. शेतीसाठी कोकोपीट बनवणारे यावर उपाय म्हणून ते कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवतात, यालाच बफर करणं म्हणतात. टोमॅटोसाठी उत्तम. आपल्यासाठी आगीतून फुफाट्यात, कारण आता नायट्रेट आलं.

वापरायचंच असेल तर असं करा. "बफर केलेलं" लिहिलेली वीट घेऊ नका, साधी धुतलेली घ्या. पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवा, पिळून पाणी फेका, पुन्हा भिजवा. निथळलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये) मोजत राहा आणि सलग दोन दिवस तो ५० च्या आत राहिला की थांबा. पावसाळ्यात हे सगळं फुकटात होतं: जाळीच्या क्रेटमध्ये भुसा पसरून गच्चीवर जोरदार पावसात काही दिवस ठेवा.

एवढं केल्यावर दवबिंदूच्या सोप्या जाती आणि घटपर्णी त्यात चांगल्या वाढतात. व्हीनस फ्लायट्रॅप मात्र मी कोकोपीटमध्ये लावायला सांगणार नाही. कोकोपीटचा पीएच ५.५ ते ६.५ च्या घरात असतो, पीटइतका आम्लधर्मी नसतो, आणि एका झाडापुरतं पीट घ्यायला फार खर्च येत नाही. चार इंची कुंडीला अर्धा-पाऊण लिटर मिश्रण पुरतं.

भिजवून मोजायचं म्हणजे कसं?

टीडीएस मीटर घ्या. आरओ दुरुस्त करणाऱ्यांच्या खिशात असतो तोच, काही शे रुपयांत मिळतो. या छंदात पहिला खर्च झाडावर न करता यावर करावा असं माझं ठाम मत आहे.

एक वाटी माध्यम घ्या: पीट, कोकोपीट, वाळू, परलाइट, सालीचे तुकडे, काहीही. त्यात पाच वाट्या आरओचं किंवा पावसाचं पाणी घाला. पाण्याचा टीडीएस आधीच मोजून लिहून ठेवा. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी ढवळून गाळा आणि पुन्हा मोजा. माझा हिशेब असा: वाढ ५०च्या आत असेल तर बिनधास्त वापरा, शंभरपर्यंत असेल तर धुऊन पुन्हा मोजा, दोनशेच्या वर असेल तर ते जास्वंदीला किंवा तुळशीला द्या.

दोन खुबी ध्यानात ठेवा. मीटर क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. त्यामुळे पीटच्या आम्लतेनेही आकडा वीसेकाने वाढू शकतो. त्याला घाबरू नका. दुसरं, मण्यांतलं खत एका रात्रीत सुटत नाही, म्हणून आकडा चांगला आला तरी डोळ्यांनी तपासायचंच.

वाळू कोणती? नदीची चालेल?

महाराष्ट्रातल्या बहुतेक नद्यांची वाळू बेसाल्टची किंवा मिश्र खनिजांची, वर शंख-शिंपल्यांचे तुकडे. बांधकामावर मिळणारी क्रश सँड म्हणजे तर बेसाल्टच दळलेला, धूळ भरपूर. समुद्राच्या वाळूचा विचारही नको. हवी ती सिलिका वाळू, म्हणजे गारगोटीची. मत्स्यालयाच्या दुकानात किंवा पाणी गाळण्याच्या फिल्टरसाठी विकतात ती, दाणा साधारण एक ते दोन मिलिमीटरचा. पिठासारखी बारीक घेऊ नका, ती पीटमधल्या फटी बुजवते.

घरी आणल्यावर थोड्या वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. मत्स्यालयासाठीची काही वाळू प्रवाळाची असते, ती अशी पकडता येते. बुडबुडे नसले तरी पाणी नितळ होईपर्यंत धुवा आणि मग भिजवून मोजा.

परलाइट, व्हर्मिक्युलाइट, लेका, प्युमिस यांतलं काय घेऊ?

परलाइट. तो ज्वालामुखी काचेचा खडक ९०० अंशांच्या आसपास तापवला की लाहीसारखा फुगतो, क्षार जवळजवळ सोडत नाही, वजनाला हलका असतो आणि सगळीकडे मिळतो. हाताळताना आधी पाण्याचा हबका मारा. त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नये. कुंडीत तो वर तरंगून येतो, दिसायला वाईट दिसतं, झाडाला काही होत नाही.

प्युमिस चांगला, पण महाग. व्हर्मिक्युलाइट थोडंफार पालाश आणि मॅग्नेशियम सोडतं, म्हणून पिंग्विक्युला सोडून कुठे नको. लेकाच्या (भाजलेल्या चिकणमातीच्या) गोळ्या घटपर्णीला चालतात, फक्त आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा. विटांचे तुकडे नकोत. थर्माकोलचे तुकडे तळाला घालतात, त्याने अपाय नाही, पण गच्चीवर कुंडी कलंडली की सोसायटीभर उडतात.

फ्लायट्रॅप, दवबिंदू आणि सॅरासेनिया यांना प्रमाण किती?

वाटीने मोजायचं, वजनाने नाही. दोन वाट्या पीट आणि एक वाटी परलाइट. मुंबई-कोकणात हवा दमट आणि पाऊस मोठा, तिथे एकास एक करा म्हणजे मिश्रण गच्च बसणार नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात कुंडी दुपारपर्यंत सुकते, तिथे पीट थोडं जास्त ठेवा. परलाइटऐवजी सिलिका वाळू घातली तरी चालतं. सॅरासेनिया उंच वाढतो, त्याला वाळूच्या वजनाचा आधार होतो.

पीट नसेल तर फ्लायट्रॅप नुसत्या स्फॅग्नम मॉसमध्येही मजेत राहतो. एका झाडाचा प्रश्न असेल तर खरं तर हाच सोपा मार्ग. मॉस भिजवायचं, हलकं पिळायचं, मुळांभोवती सैल गुंडाळून कुंडीत बसवायचं. चेपून भरलं की आतली हवा जाते आणि मुळं कुजतात.

घटपर्णीला तेच मिश्रण का नाही?

कारण ती बहुतेक दलदलीत उभी नसते. नेपेंथिसच्या कितीतरी जाती बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्सच्या डोंगरांत शेवाळलेल्या उतारांवर किंवा चक्क दुसऱ्या झाडांवर वाढतात. मुळांना ओल हवी, साचलेलं पाणी नको. फ्लायट्रॅपच्या मिश्रणात लावून खाली पाण्याची थाळी ठेवली की तिची काळी, नाजूक मुळं काही महिन्यांत गळून जातात.

तिला मोकळं, भरड मिश्रण द्या: एक वाटी स्फॅग्नम मॉस, एक वाटी परलाइट, एक वाटी नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा पाइनची साल. सोडणाचे तुकडे कोकोपीटसारखेच धुऊन घ्यायचे. लाकडी कोळशाचे बारीक खडे काही जण घालतात. घालायचे तर राख पूर्ण धुऊन टाका, कारण राख अल्कधर्मी असते. भरलेल्या कुंडीत वरून ओतलेलं पाणी चार-पाच सेकंदांत खालून बाहेर यायला हवं. नाही आलं तर मिश्रण घट्ट झालंय.

आपल्या नर्सऱ्यांत सर्रास मिळणारी व्हेंट्राटा नावाची संकरित घटपर्णी बरीच सोशिक आहे, चुका पोटात घालते. भारताची स्वतःची घटपर्णी म्हणजे नेपेंथिस खासियाना, मेघालयातल्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवरची. वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संरक्षित आहे आणि साइट्स या दुर्मीळ जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. रानातून उपटलेलं रोप विकत घेऊ नका. रोपवाटिकेत वाढवलेलं आहे याचा कागद मागा.

अपवाद सांगायचा तर नेपेंथिस नॉर्थियाना ही बोर्निओतल्या सारावाकमध्ये चुनखडीच्या कड्यांवर वाढते आणि तिथल्याच किनाबालू डोंगराची नेपेंथिस राजा धातूंनी भरलेल्या सर्पेंटाइन मातीत. म्हणून तुम्ही कुंडीत चुना घालावा असा त्याचा अर्थ नाही. या जाती पाळणारे लोकही त्यांना वरच्यासारख्याच मोकळ्या मिश्रणात वाढवतात.

पिंग्विक्युलाला?

मेक्सिकोच्या जाती असतील, आणि दुकानात बहुतेक त्याच असतात, तर वरचे नियम बरेच सैल होतात. या जाती चुनखडी आणि जिप्समच्या खडकांवर वाढतात. परलाइट, सिलिका वाळू, व्हर्मिक्युलाइट समान घ्या आणि त्यात मूठभर पीट. हिवाळ्यात त्या निवडुंगासारखी जाड, छोटी पानं काढतात, तेव्हा पाणी जवळपास बंद. क्षार थोडे जास्त झाले तरी कुरकुर करत नाहीत. नवख्या माणसाला मी फ्लायट्रॅपऐवजी हेच झाड सुचवतो, पण ऐकतं कोण, सगळ्यांना मिटणारा जबडा हवा असतो.

कासच्या पठारावरून थोडी माती किंवा एखादं दवबिंदूचं रोप आणलं तर?

नाही. कास राखीव वन आहे, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळात मोडतं, आणि तिथून काही उचलणं गुन्हा आहे. ते बाजूला ठेवलं तरी उपयोग नाही. पठारावरचे दवबिंदू आणि सीतेची आसवं एका पावसाळ्याचं आयुष्य घेऊन येतात. बी टाकतात आणि संपतात. तुम्ही घरी पोचेपर्यंत त्यांचे दिवस भरत आलेले असतात.

मातीचंही तसंच. जांभा कुंडीसाठी का चालू नये, तो तर निकसच आहे, असं वाटणं साहजिक आहे. पण पठारावर चार महिने पाणी वाहत असतं आणि काही साचू देत नाही. कुंडीत ते वाहणं नसतं. जांभ्याची बारीक लाल माती पाण्याने घट्ट बसते, वर पापुद्रा धरते आणि मुळांना हवा मिळत नाही.

पठारावरचीच जात हवी असेल तर परदेशात आणि आता भारतातही लागवडीतून धरलेलं बर्मानी दवबिंदूचं (ड्रोसेरा बर्मानीचं) बी मिळतं. पीट आणि सिलिका वाळू एकास एक, वर बी नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही.

पावसाळ्यात भिंतीवर येणारं हिरवं शेवाळ मॉस म्हणून वापरता येईल?

नाही. ते स्फॅग्नम नव्हे, आणि सिमेंट-चुन्यावर वाढलेलं असतं.

कुंडी मातीची की प्लॅस्टिकची?

प्लॅस्टिकची. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी बाष्प होऊन जातं आणि क्षार भिंतीतच साचतात. बाहेरून पांढरे डाग येतात ते तेच. ते परत आत उतरतात. झिलई केलेली चिनीमातीची कुंडी चालेल, तळाला भोक मात्र हवं. फ्लायट्रॅपची मुळं खोल जातात, म्हणून उथळ भांड्यापेक्षा पाच-सहा इंच खोल कुंडी बरी. भोकं नसलेल्या काचेच्या बरणीत विकायला ठेवलेली झाडं दिसतात, ती शोभेपुरती; क्षार बाहेर पडायला वाटच नसते.

माती बरोबर घेतली, पण पाण्याचं काय?

चुकीच्या पाण्याने उत्तम पीट सहा महिन्यांत खारट होतं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकानुसार ५०० पर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह आहे. या झाडांना ५० च्या आत हवा, शंभरपर्यंत निभतं. बोअरचं पाणी बाद. धरणाचं नळाचं पाणी गावागावात वेगळं, मोजूनच ठरवा.

आरओच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात किंवा खनिजांचं काडतूस बसवलेलं असतं. नळातून ८०, १२०, कधी १५० टीडीएसचं पाणी येतं आणि माणूस समजतो की आपण शुद्ध पाणी घालतोय. मोजा. मशीनवरचा स्क्रू फिरवून तो कमी करता येतो, पण ते पाणी घरचे पितात, तेव्हा झाडासाठी वेगळी सोय बरी.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षारांच्या दृष्टीने चांगलं असतं. कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश येऊ शकतो, म्हणून महिनाभर न चालवलेल्या एसीचं पहिलं पाणी फेकून द्या. जून ते सप्टेंबर मात्र काहीच डोकं लावू नका. कुंड्या पावसात ठेवा. पहिल्या एक-दोन पावसांनंतरचं पाणी पिंपात भरून ठेवलं तर दिवाळीपर्यंत पुरतं. डास होऊ नयेत म्हणून तोंडाला फडकं घट्ट बांधा.

पीट सुकलं आणि आता पाणी घेतच नाही. वरून ओतलं की कडेने निघून जातं.

पूर्ण वाळलेलं पीट पाणी झिडकारतं. नवं पीट भिजवताना कोमट पाणी घ्या आणि हाताने मळा, रात्रभर ठेवा. कुंडीतलं सुकलं असेल तर अख्खी कुंडी साध्या तापमानाच्या पाण्यात काठापर्यंत बुडवून तासभर ठेवा. साबणाचे थेंब घालण्याचा सल्ला मिळेल, तो सोडून द्या.

वर पांढरा थर आलाय. हिरवटही झालंय. बुरशी आहे का?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. खरखरीत पांढरा थर म्हणजे क्षार. पाणी मोजा आणि मिश्रण बदला. कापसासारखी बुरशी नव्या ओल्या मॉसवर येते, वारा आणि ऊन मिळालं की जाते. हिरवं शेवाळ थोडं असेल तर दुर्लक्ष करा. चिकट, काळपट-हिरवा साय धरल्यासारखा थर आला तर बहुधा क्षार वाढलेत किंवा कुंडीत हवा नाही.

कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर तीही ओल्या पीटमुळेच. शेजारी एक दवबिंदू ठेवा, त्याची मेजवानी होते.

मिश्रण कधी बदलायचं?

फ्लायट्रॅप आणि सॅरासेनियाचं दर वर्ष-दोन वर्षांनी, जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीत, हिवाळ्याची सुस्ती संपून नवी पानं फुटायच्या आधी. आपल्या उष्णतेत पीट आणि मॉस थंड देशांपेक्षा लवकर कुजतं, त्यामुळे परदेशी पुस्तकांतली तीन-चार वर्षांची मुदत इथे लागू नाही. घटपर्णीला मुळं हलवलेली आवडत नाहीत. मॉस काळं, गाळासारखं होईपर्यंत थांबा, आणि बदलताना मुळांचा गोळा फोडू नका. आंबट-कुजका वास आला तर ऋतू पाहत बसू नका.

ऑनलाइन आलेलं झाड जेलमध्ये आहे. ते तसंच लावू?

ते ऊतिसंवर्धनाचं, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेलं रोप आहे. जेलमध्ये साखर आणि क्षार असतात, कोमट आरओच्या पाण्यात हळूहळू सगळं धुऊन काढा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. मग बारीक चिरलेल्या स्फॅग्नम मॉसमध्ये लावून वर पारदर्शक डबा पालथा घाला आणि दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा उघडत न्या. कोकोपीटमध्ये लावलेलं मोठं झाड आलं असेल तर आठवडाभर सावरू द्या, कुंडीतून निथळणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजा, आणि आकडा वाईट असेल तरच लगेच बदला.

पीट वापरणं पर्यावरणाला वाईट नाही का?

आक्षेप खरा आहे. पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर साचतो, म्हणजे मीटरभर थराला हजारेक वर्षं, आणि तो उकरला की त्यात अडकलेला कार्बन मोकळा होतो. तरी घरच्या पाच-सहा कुंड्यांना लागणारं पीट बादलीभरही नसतं. माझा मध्यम मार्ग असा: पीट फक्त फ्लायट्रॅप आणि सॅरासेनियासाठी, बाकी सगळं नीट धुतलेल्या सोडणावर आणि मॉसवर. ताज्या स्फॅग्नमच्या चार काड्या जिवंत मिळाल्या तर दमट सावलीत वाढवता येतात.

"कीटकभक्षी झाडांसाठी खास" म्हणून विकलं जाणारं तयार मिश्रण घेऊ का?

घटकांची यादी छापलेली असेल आणि त्यात पीट, मॉस, परलाइट, वाळू एवढंच असेल तर घ्या. "ऑरगॅनिक" आणि "पोषक" असे शब्द दिसले तर नको. यादीच नसेल तर आधी एक वाटी भिजवून मोजा.

सगळं बरोबर आहे तरी फ्लायट्रॅपचे सापळे काळे पडतायत.

बाहेरचे, जुने एक-दोन सापळे काळे पडत असतील आणि मधून नवे फुटत असतील तर तो क्रम आहे. काही वेळा मिटलेला सापळा तसाही संपतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळं झाड बारीक होऊन जमिनीलगत बसलं तर ती हिवाळ्याची झोप. पुण्या-नाशिकच्या थंडीत ती आपोआप लागते, मुंबईत धड लागत नाही आणि झाड वर्षागणिक क्षीण होतं.

मधला कोंबच मऊ आणि काळा झाला असेल तर झाड उपसा, मुळं धुऊन पाहा. पांढऱ्या, टणक खोडाचा तुकडा शिल्लक असेल तर कुजलेलं कापून टाका आणि तो नव्या, नुसत्या स्फॅग्नम मॉसमध्ये लावा. जुनं मिश्रण फेकायच्या आधी त्यातलं एक वाटी बाजूला ठेवा आणि रात्रभर भिजवा. सकाळी मीटर बुडवला की माती चुकली होती की कोंबात पाणी साचून कूज लागली, याचा बराचसा अंदाज येतो.